पॅसेंजरने क्योटो

‘सुलेखाकाकू डिसेंबरात टोकियोला उतरणार आहेत. एकट्या! तिथून पॅसेंजरने क्योटो, परत टोकियो, मग पुढे पुणे. राजेशला अजून माहीत नाही. कुणाला बोलू नकोस.’

हा मेसेज मी माझ्या बायकोला, वीणाला, पाठवला, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. प्रत्यक्षात तो ‘बॉथेल मराठी परिवार’ या ग्रुपवर गेला. त्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत आणि त्यांत काकूंचा मुलगा राजेशही आहे. वीणानं थोड्याच वेळापूर्वी तिथं ‘कुणाकडे मोठा कुकर मिळेल का’ अशी चौकशी केली होती. मला फोनवर ‘वीणा’ एवढंच दिसलं आणि मी लिहीत सुटलो. ‘कुणाला बोलू नकोस’ला पहिला अंगठा आला तेव्हा कुठे मला शंका आली, कारण वीणा मला सहसा अंगठा देत नाही.

मी घाईघाईनं मेसेज पुसला. पण पुसलेल्या मेसेजइतकी उत्सुकता लोकांना दुसऱ्या कशाचीच नसते. ज्यांनी तो वाचला नव्हता त्यांनी वाचलेल्यांना विचारलं, आणि वाचलेल्यांकडे त्याचा फोटो होता. वीणा मोठा कुकर घेऊन परत आली तेव्हा कुकर देणाऱ्या बाईंकडून तिला सगळं कळलेलं होतं.

“कुणाला बोलू नकोस, असं तू दोनशे माणसांना सांगितलंस?” तिनं विचारलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुलेखाकाकू.

“सौमित्र, घरी आहेस ना? तिथंच थांब.”

काकू आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. त्या चालत आल्या, बूट दाराशी व्यवस्थित काढून ठेवले, सोफ्यावर बसल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाल्या, “ते राहू दे. चहा टाक. आता पुढचं बघायला हवं.”

पुढचं काय ते सांगण्याआधी काकू कोण हे सांगायला हवं.

सुलेखाकाकूंनी मिरजेच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. काका गेल्यावर राजेशनं त्यांना इकडे आणलं. बॉथेल हे सिएटलचं उपनगर. इथं दर माणशी एक गाडी असते, कुत्र्यालाही मागची सीट ठरलेली असते, आणि ज्याला गाडी चालवता येत नाही तो घरात बसतो. काकूंना गाडी येत नाही. पहिला हिवाळा त्या घरात बसल्या. खिडकीतून समोरच्यांच्या अंगणातली खार बघायच्या. राजेश आणि शिवांगी ऑफिसला, नात सिया शाळेत, आणि खारीचाही दिनक्रम अगदी ठरलेला.

मग एक दिवस काकू कोपऱ्यावरच्या बस स्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या. जी बस आली तीत बसल्या. संध्याकाळी घरी आल्या तोवर राजेशनं सगळ्या मित्रांना फोन करून झाले होते.

“आई, कुठे गेली होतीस?”

“शेवटपर्यंत.”

“शेवटपर्यंत म्हणजे कुठे?”

“बस जिथं संपते तिथं. एक तळं आहे. बदकं आहेत. परत येणारी बस समोरूनच सुटते.”

तेव्हापासून काकू जातात. बसनं, लाइट रेलनं, फेरी बोटीनं. आम्ही इथं येऊन पंधरा-वीस वर्षं झालेली माणसं. आम्हाला ऑफिस, कॉस्को, इंडियन स्टोअर आणि विमानतळ एवढा अमेरिका देश माहीत. काकूंना मधला माहीत आहे. एकदा माझी गाडी गॅरेजमध्ये होती तेव्हा मला बसमध्ये कसं चढायचं, कार्ड कुठे टेकवायचं, हे त्यांनीच शिकवलं. उतरताना ड्रायव्हरला ‘थँक यू’ म्हणायचं हेही. मी विसरलो तर मागून म्हणाल्या, “म्हण.”

जपानचं मला कळलं ते असं. ऑक्टोबरातली गोष्ट. पार्क अँड राइडच्या, म्हणजे गाडी ठेवून बस पकडायच्या, चार मजली वाहनतळावर मी गाडी लावत होतो, आणि बाजूच्या जिन्यावरून काकू एक निळी बॅग उचलून वर चालल्या होत्या. वरपर्यंत गेल्या, बॅग टेकवली, घड्याळ बघितलं आणि उचलून पुन्हा खाली आल्या. मी धावत गेलो.

“काकू, द्या इकडे! लिफ्ट आहे ना!”

“हात लावू नकोस,” काकू म्हणाल्या. “सराव चाललाय.”

“कसला?”

काकूंनी मला नखशिखान्त पाहून घेतलं. वर्गात कुणाच्या हाती खडू द्यावा हे शिक्षक ठरवतात तसं. मग म्हणाल्या, “सांगते. पण पोटात ठेवायचं.”

मी ते दोन दिवस ठेवलं होतं, एवढं माझ्या बाजूनं नोंदवतो.

तर झालं होतं असं, की दर वर्षाआड काकू पुण्याला धाकट्या बहिणीकडे जातात. सिएटलहून विमान टोकियोला, तिथं बदलून पुढे भारत. दर वेळी टोकियोच्या विमानतळावर त्या काही तास काचेला नाक लावून बसतात. “तीस वर्षं मी पोरांकडून जपान पाठ करून घेतलं,” त्या म्हणाल्या. “होन्शू, शिकोकू, क्यूशू. नागोया मोटारी. हमामात्सु वाद्यं. बिवा सरोवर गोड्या पाण्याचं. आणि त्याच जपानात मी जाऊन काय बघितलं? तर एक कॉफीचं मशीन आणि प्रसाधनगृह. प्रसाधनगृह चांगलं आहे, नाही असं नाही.”

“मग टूर घ्या ना. बुलेट ट्रेन, फुजी, देवळं...”

“बुलेट ट्रेन नको.”

“का? महाग म्हणून?”

“महाग आहेच. पण ती थांबत नाही.” काकूंनी बॅगेवर बैठक मारली. “वर्गात एक मुलगी होती. तिनं विचारलं, बाई, टोकियो आणि क्योटोच्या मध्ये काय असतं? नकाशात दोन टिंबं आणि मध्ये कोरा कागद. मला काही माहीत नव्हतं. मी म्हटलं, परीक्षेला येत नाही, बस खाली.”

“मग?”

“मग काय, बसली. पण प्रश्न राहिला ना.”

त्या प्रश्नाचं उत्तर काढायचा काकूंचा बेत पक्का होता. विमान कंपनी थोडे जास्त पैसे घेऊन टोकियोला काही दिवस थांबू देते. व्हिसा त्यांनी सिएटलला बसनं जाऊन स्वतःच काढला होता. आणि जपानात रेल्वेचं एक तिकीट मिळतं म्हणे, ठरावीक सुट्ट्यांच्या दिवसांतच. ते घेतलं की सलग पाच दिवस देशभरातल्या साध्या गाड्यांत कितीही बसा, कुठेही उतरा, कुठेही चढा. एक्सप्रेसला चालत नाही, बुलेटला तर दाखवायचंही नाही. बुलेट ट्रेन दोन-सव्वादोन तासांत क्योटोला पोचवते. या तिकिटावर सकाळी निघालं तर अंधार पडतो, आणि चार-पाच वेळा गाडी बदलावी लागते. काकू एवढ्यावरही थांबणार नव्हत्या. वाटेत हमामात्सुला एक मुक्काम, कारण वाद्यं.

त्या तिकिटाचं नाव ‘सेइशुन अठरा’. सेइशुन म्हणजे तारुण्य. तारुण्य अठरा!

“काकू, हे कॉलेजच्या पोरांचं दिसतंय,” मी म्हटलं.

“नाव तसं आहे. वयाची अट नाही. मी सगळ्या अटी वाचल्यात.”

“मग अडचण काय?”

“अडचण गाडी बदलण्याची.” त्यांनी जिन्याकडे बोट केलं. “काही ठिकाणी चार मिनिटं असतात. एका प्लॅटफॉर्मवरून वर चढायचं, पूल ओलांडायचा, पलीकडे उतरायचं. जागा धरायला सगळे पळतात म्हणे, त्यांच्यातले म्हातारेसुद्धा. म्हणून बॅग एकच. मला उचलेल तेवढीच. तेवढं जमलं तर सगळं जमलं.”

आणि म्हणून हे सगळं गुपचूप. राजेशला विमानाचं तिकीट हातात पडल्यावर सांगायचं. आणि ग्रुपला तर सांगायचंच नाही. तेव्हा मला वाटलं, ग्रुपला न सांगण्याचं कारण राजेश. काकूंच्या मनात दुसरंच होतं, ते मला नंतर कळलं.

आता पुन्हा सोफ्यावर. काकू चहा पीत होत्या आणि दारावर थाप पडली. राजेश. हातात गाडीची किल्ली, पायात घरातल्या सपाता.

“आई, हे काय आहे?”

“चहा,” काकू म्हणाल्या. “घेतोस?”

राजेश वाईट मुलगा नाही, उलट फार चांगला आहे, आणि तीच पंचाईत. त्यानं उभ्या उभ्याच सगळं सोडवून टाकलं. एकटं जायचं नाही. तो ख्रिसमसला सुट्टी घेईल, शिवांगी घेईल, सगळे मिळून जाऊ. बुलेट ट्रेनचा वरचा वर्ग, इंग्लिश बोलणारा गाइड, व्हेज जेवण आधीच सांगून ठेवलेलं. “पैशाचं टेन्शन घेऊ नकोस गं. तिकिटं मी काढतो.”

“तू तिकीट काढलंस की गाडीही तूच ठरवणार,” काकू म्हणाल्या. “माझी पेन्शन आहे. तिच्यात बसेल तेवढं मी हिंडेन.”

“आणि काही झालं तर? लँग्वेज येत नाही तुला!”

“इथं आले तेव्हा इथली कुठे येत होती?”

“खाणार काय?” हे वीणानं विचारलं. तिला खरंच काळजी होती.

“भात. जपानात भात मिळतो असं मी तीस वर्षं शिकवलंय. मेतकूट बरोबर नेणार आहे.”

राजेश माझ्याकडे वळला. “सौमित्र, तू तरी समजाव यार.” मी चहात बघत राहिलो. ज्या माणसानं आधीच दोनशे लोकांना समजावलेलं असतं त्यानं आणखी काय समजवायचं?

त्या दिवशी ठरलं काहीच नाही. ठरलं नाही एवढ्यावरच काकू खूश होत्या, कारण ‘नाही’ही पक्कं झालेलं नव्हतं. पण खरं संकट दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, आणि तेही माझ्या मेसेजमधल्या दोन शब्दांमुळे. लोकांनी ‘टोकियो’ वाचलं, ‘एकट्या’ वाचलं, थोडं हळहळले, थोडे हसले. पण त्यांच्या मनात बसलं ते ‘पुढे पुणे’.

भारतात कुणी चाललंय हे कळलं की आपल्या माणसांना काय होतं हे बाहेरच्याला समजणार नाही. एखाद्याच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय असं कळलं तरी लोक आधी विचारतील, भारतात करणार का? आणि मग, एवढं एक नेता का? मागणारा कधीच दोन वस्तू मागत नाही. एकच. छोटीशी. वजन काहीच नाही हो.

सकाळी गुरुदत्त आला. हा आमच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन, स्वभावानं सगळ्यांचाच अ‍ॅडमिन. तो कोणे एके काळी ऑफिसतर्फे जपानला जाऊन आला होता.

“काकू, सरळ पास काढा! अनलिमिटेड! आम्ही वसूल केला होता. शेवटचे दोन दिवस तर आम्ही गाडीतून उतरलोच नाही.”

“काय बघितलंत?” काकूंनी मनापासून विचारलं.

“स्पीड,” तो म्हणाला. “आता पास महाग झालाय म्हणतात. पण पास म्हणजे पास.” मग पाठीमागून त्यानं एक पिशवी पुढे केली. “तुम्ही पुण्याला जाताच आहात तर एवढं माझ्या मेहुण्याला. प्रोटीन पावडर. तो जिमला जातो.”

मेहुणा बहुधा दोघादोघांना उचलून जिमला जात असावा. डबा बाळाच्या पाळण्याएवढा होता.

मग रीघ लागली. व्हिटॅमिनच्या बाटल्या. चॉकलेटं, कारण चॉकलेट भारतात मिळतं हे अजून कुणी इथं मान्य केलेलं नाही. कुणाच्या आईसाठी गुडघ्याचे पट्टे. कुणाच्या भाच्यासाठी बूट, खोक्यासकट, कारण खोक्याशिवाय त्याला खरे वाटणार नाहीत. बदाम! जे कॅलिफोर्नियातून भारतात जातातच, ते काकूंनीही न्यावेत म्हणून. काकूंच्या दिवाणखान्यात पुडक्यांचा ढीग झाला. राजेशनं माळ्यावरून त्या दोन मोठ्या बॅगा काढल्या. प्रत्येक घरात असतात तशा, विमान कंपनीच्या मापाला अगदी टेकलेल्या, आणि हँडलला आपली ओळखू यावी म्हणून साडीच्या काठाची चिंधी बांधलेली. त्या भरल्या. बाथरूममधल्या वजनकाट्यावर चढवल्या. काटा हलला तो परत येईना.

“तुम्ही ‘नाही’ का म्हणत नाही?” मी काकूंना विचारलं.

काकू ढिगाकडे बघत होत्या. पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा पडलेला दिसला.

“कसं म्हणू रे? राजेश आजारी होता तेव्हा गुरुदत्तनं पंधरवडाभर सियाला शाळेत सोडलं-आणलं. त्या बुटांवाल्या मुलीनं सियाला गाणं शिकवलं. एकेकाला नाही म्हणता येतं. सगळ्यांना मिळून कसं म्हणायचं?” मग हळूच म्हणाल्या, “राजेशला मी पटवलं असतं. म्हणून तर ग्रुपला सांगायचं नव्हतं.”

त्या दोन बॅगा घेऊन चार मिनिटांत पूल ओलांडून जागा धरायची! मला जे आत्ता कळत होतं ते काकूंना आधीच कळलेलं होतं. त्यांचा जपानचा बेत राजेशनं अडवला नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून तो बदामांखाली गाडला होता, आणि पहिला दगड माझा होता.

राजेश तर निश्चिंतच झाला. “बघ, आई, एवढं सामान घेऊन लोकल ट्रेन कशी चेंज करणार? सरळ पुण्याला जा. नेक्स्ट इयर सगळे जाऊ.”

“करेन,” काकू म्हणाल्या.

“कशी?”

“तुमच्या ऑफिसात काहीतरी करून दाखवता ना गिऱ्हाइकाला? काय म्हणता त्याला?”

“डेमो,” मी म्हटलं.

“तो देते. शनिवारी सिएटलपलीकडे टॅकोमाला जायचं, माझ्या पद्धतीनं. बस, मग लाइट रेल, मग पुढची बस. प्रत्येक ठिकाणी बदलायला तिथल्याइतकाच वेळ. वेळेत पोचले तर मला अडवायचं नाही.”

राजेशनं लगेच अट घातली. सामान खरं पाहिजे, सगळं. काकूंनी मान डोलावली, आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. “एक बॅग माझी, ती मी घेईन. पुण्याचं सामान ज्याच्यामुळे आलं तो घेईल.”

राजेशला हे पटलं नाही, पण त्याचाही माझ्यावर थोडा राग होताच. तो हसला आणि म्हणाला, “चालेल. मला दोघांचं लोकेशन शेअर करा. मी घरून बघतो.”

शनिवारी सकाळी बारीक भुरभुर होती, इथं असतेच. स्टॉपवर काकू निळी बॅग घेऊन, पायात चालायचे बूट, डोक्यावर सियाची लोकरीची टोपी. मी दोन्ही हातांना एकेक अजस्र बॅग. बसमध्ये चढवताना मागचे तीन प्रवासी मदतीला आले. ड्रायव्हरनं विचारलं, “विमानतळ?” मी म्हटलं, “नाही, सराव.” त्यानं पुढे काही विचारलं नाही.

बसमधून उतरलो. लाइट रेलचं स्टेशन जमिनीखाली खोल. लिफ्टपाशी दोन सायकली, एक बाबागाडी आणि एक मोठं कुत्रं. काकूंनी घड्याळ बघितलं, म्हणाल्या, “जिना,” आणि चालू लागल्या. निळी बॅग अशी उचललेली की जणू भाजीची पिशवी.

मी सरकत्या जिन्यावर गेलो. ‘सामान लिफ्टनं न्या’ अशी पाटी होती, ती मी नंतर वाचली. पहिली बॅग पायरीवर ठेवली. दुसरी ओढायला वळलो तर तिचं चाक कडेला अडकलं. मी ते सोडवेपर्यंत पहिली बॅग एकटीच निघून गेली होती. ताठ, शिस्तीत, उजव्या बाजूला उभी. मी वरून “एक्स्क्यूज मी! एक्स्क्यूज मी!” असं बॅगेला ओरडत होतो. खाली पोचल्यावर ती सभ्यपणे दोन पावलं पुढे सरकली आणि मग आडवी झाली. चेन सुटली. मेहुण्याचा डबा बाहेर आला, आणि प्लॅटफॉर्मच्या दिशेनं गडगडत गेला.

गाडी आलेली होती. काकू दारात. डबा एका तरुणानं पायानं थांबवला आणि उचलून विचारलं, “धिस युअर्स?” त्याला मेहुण्याचं नातं समजावण्याइतका वेळ नव्हता. मी मध्ये, एक बॅग वर, एक खाली, आणि खालच्या पायरीपाशी बदाम.

दार बंद झालं. काचेपलीकडे काकू खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून तळहातानं खूण केली, वर्गात करत असतील तशी: बस खाली. आणि गाडी गेली.

मी बसलो, बॅगेवरच.

राजेश तिकडे फोनवर नकाशा बघत होता. त्याच्या नकाशावर दोन टिंबं. एक सुटलं, सिएटल ओलांडून दक्षिणेला सरकत राहिलं, मध्ये एकदा थांबलं, गाडी बदलली, पुन्हा सरकलं आणि ठरल्या वेळी टॅकोमाला जाऊन उभं राहिलं. दुसरं टिंब जागचं हललंच नाही. त्यानं मला फोन केला.

“सौमित्र, तुझी बॅटरी गेली का?”

“माझी गेली,” मी म्हटलं. “फोनची आहे.”

संध्याकाळी सगळे त्यांच्या दिवाणखान्यात. काकूंनी टॅकोमाहून फोटो आणले होते: एका पुलाचा, एका बेकरीचा आणि कुणाच्या तरी अंगणातल्या, गळ्यात घंटा असलेल्या बकरीचा. “बस मध्ये आडवळणानं जाते,” त्या सियाला सांगत होत्या. “तिथं आहे ही.” सिया म्हणाली, “आजी, धिस इज सो रँडम. आय लव्ह इट.”

राजेशनं बकरीचा फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाला, “आई, तिकडे बदलायला किती वेळ असतो म्हणालीस?”

“कमीत कमी चार मिनिटं.”

“आणि आज?”

“तीन.”

राजेशनं डोळे चोळले. तो हरला होता, पण त्याला हायसंही वाटत होतं, हे मला दिसत होतं. “रोज रात्री लोकेशन पाठवायचं.”

“संध्याकाळी. रात्री मी झोपते.”

“आणि हे?” शिवांगीनं दोन बॅगांकडे बोट दाखवलं. एकीची चेन आता दोरीनं बांधलेली होती.

काकू उठल्या, चष्मा लावला, फोन घेतला. “सौमित्र, तुझ्या पुतण्याचं लग्न डिसेंबरातच आहे ना? तूही टोकियोवरूनच जातोस.”

“हो, पण मी डोंबिवलीला...”

“डोंबिवलीहून पुणं किती लांब?”

मी उत्तर देण्याआधी त्यांनी ग्रुपवर लिहिलंही होतं. मला वाटतं, ग्रुपवरचा त्यांचा तो पहिलाच मेसेज: ‘पुण्याचं सगळं सामान सौमित्र नेणार आहे. त्याच्याकडे दोन बॅगा आहेत.’ योग्य ग्रुपवर, एकाच वेळी. मला इतके अंगठे आयुष्यात मिळाले नव्हते. आणि ज्यांना आजवर काकूंना सांगायचा संकोच वाटत होता, ते रात्रीच घरी आले. गुरुदत्तनं मेहुण्यासाठी दुसरा डबा आणला. पहिल्याला पोचा आला होता.

डिसेंबरात विमानतळावर आम्ही एकाच रांगेत उभे होतो. योगायोगानं एकच विमान. किंवा योगायोग नसेलही, काकू तारखा विचारून तिकीट काढणाऱ्यांतल्या आहेत. राजेश, शिवांगी, सिया सगळे सोडायला आलेले. माझी पहिली बॅग काट्यावर चढली आणि काउंटरवरच्या बाईंनी मान हलवली. मग ते सुरू झालं जे दर वेळी होतं. भर रांगेत बॅग उघडायची, ह्यातले बदाम त्यात, त्यातले बूट ह्यात, खोकं फेकावं का, नको, खोक्याशिवाय त्याला खरे वाटणार नाहीत. माझे स्वतःचे दोन शर्ट होते, ते मी अंगावर घातले. एकावर एक.

शेजारच्या काउंटरवर काकूंनी निळी बॅग स्वतः उचलून काट्यावर ठेवली. काटा जेमतेम हलला. त्यांच्या हातात फोनवर गाड्यांचा तक्ता उघडा होता आणि त्या सियाला सांगत होत्या, क्योटोला जाताना फुजी उजव्या हाताला येईल, त्याच्या आधी डाव्या हाताला समुद्र, आणि त्या भागातल्या गाड्यांत बाकं भिंतीला टेकून असतात म्हणे, म्हणजे समोरच्या माणसाच्या डोक्यावरून डोंगर बघायचा. “आणि त्याच्या पुढे?” सियानं विचारलं. “ते माहीत नाही,” काकू इतक्या आनंदानं म्हणाल्या, की रांगेतल्या दोघांनी वळून बघितलं.

खरं सांगतो, तोवर मला जपानबद्दल काही विशेष वाटत नव्हतं. पण दोन शर्टांत घामाघूम होऊन, हातात मेहुण्याचा डबा घेऊन उभा असताना मला एकदम वाटलं, खरंच, काय असेल तिथं? हमामात्सुला उतरल्यावर काय दिसत असेल? चार मिनिटांत पूल ओलांडणारे ते म्हातारे कसे दिसत असतील? लग्नाला अजून आठवडा होता. तारीख बदलता आली असती.

“फायनल डेस्टिनेशन?” काउंटरवरच्या बाईंनी मला विचारलं.

मी त्यांना थांबायची खूण केली आणि शेजारी वळलो.

“काकू, मीपण उतरू का टोकियोला? तुमच्याबरोबर? मलाही बघायचंय मध्ये काय आहे ते.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, दोरी बांधलेल्या बॅगेकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “तुझ्या बॅगा कोण उचलणार?”